‘पुनरागमन’ नव्हे : बेट्टी लव्हेट आणि एका गाण्याचं प्रकरण

७ डिसेंबर २००८. वॉशिंग्टनमधल्या केनेडी सेंटरचं ऑपेरा हाउस. दर डिसेंबरात इथे अमेरिकेतल्या कलावंतांचा एक फार मानाचा सोहळा होतो. त्याची रीत मला आवडते. सत्कारमूर्ती वरच्या सज्जात राष्ट्राध्यक्षांच्या सोबतीनं बसतात आणि खाली रंगमंचावर दुसरे कलावंत त्यांचं काम सादर करतात. ज्यानं आयुष्यभर ऐकवलं, त्यानं त्या रात्री फक्त ऐकायचं. त्या वर्षीचे मानकरी होते बार्ब्रा स्ट्रायसँड, मॉर्गन फ्रीमन, कंट्री गायक जॉर्ज जोन्स, नृत्यरचनाकार ट्वायला थार्प आणि ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचे गीतकार पीट टाउन्शेंड व गायक रॉजर डॉल्ट्री.

‘द हू’ची गाणी म्हणायला डेव्ह ग्रोल, जॉस स्टोन अशी चलतीतली नावं होती. त्यांच्यामध्ये बासष्ट वर्षांची, सडपातळ, आखूड केसांची एक कृष्णवर्णीय बाई माइकसमोर येऊन उभी राहिली. ती बेट्टी लव्हेट. तिनं ‘लव्ह, रेन ओव्हर मी’ हे १९७३ चं गाणं धरलं, आणि सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखी सुरुवात केली. चार-पाच मिनिटांत सगळं आटोपलं. प्रक्षेपणात कॅमेरा सज्जाकडे वळतो तेव्हा टाउन्शेंड यांचा चेहरा पाहण्यासारखा आहे. शेजारी बसलेल्या स्ट्रायसँडनं त्यांना विचारलं, हे गाणं खरंच तुम्ही लिहिलंत का? ही हकिकत पुढे अनेकदा सांगितली गेली. प्रश्नात आश्चर्य होतं आणि ते रास्तही होतं. डॉल्ट्रीच्या आरोळीसाठी ओळखलं जाणारं रॉक गाणं त्या रात्री एका थकलेल्या, हट्टी माणसाची विनवणी होऊन बाहेर आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लोक विचारू लागले, ही कोण? बातम्यांत शब्द आला तो ‘पुनरागमन’. हाच शब्द मला खुपतो, आणि म्हणून हे प्रकरण नीट मांडावंसं वाटतं. जी कधी गेलीच नव्हती ती परत कशी येईल?

गाणं आलं कुठून

आधी गाण्याबद्दल, कारण त्याचा धागा थेट आपल्या मातीपर्यंत येतो. पीट टाउन्शेंड साठच्या दशकाच्या अखेरीपासून मेहेरबाबांचे अनुयायी. मेहेरबाबा पुण्यात जन्मले आणि नगरपासून जवळ अरणगावच्या हद्दीत मेहेराबादला त्यांची समाधी आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण दर ३१ जानेवारीला अमरतिथीला देशोदेशीचे लोक तिथल्या टेकडीवर येतात आणि दुपारी बारा वाजता पंधरा मिनिटं मौन पाळतात. पाऊस हा ईश्वराचा आशीर्वाद आणि ढगांचा गडगडाट हा त्याचा आवाज, असं मेहेरबाबा म्हणाले होते. हे गाणं त्या बोलण्यावरून सुचल्याचं टाउन्शेंड यांनी स्वतः सांगितलं आहे. इंग्रजीत ‘राज्य कर’ आणि ‘बरस’ हे दोन शब्द कानाला सारखेच लागतात. गाणं त्या श्लेषावर उभं आहे: प्रेमा, माझ्यावर राज्य कर, प्रेमा, माझ्यावर बरस.

नगर जिल्हा हा अवर्षणाचा मुलूख. जूनच्या शेवटी आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाला या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच की काय, मूळ रेकॉर्डवरची डॉल्ट्रीची आरोळी मला नेहमी वादळासारखी वाटायची. पाऊस येऊन कोसळतोय, असं. बेट्टीच्या गाण्यात पाऊस अजून आलेलाच नाही. ती वाट बघतेय.

मागची पानं

जन्म २९ जानेवारी १९४६, मिशिगन राज्यातलं मस्किगन. पाळण्यातलं नाव बेट्टी जो हॅस्किन्स. आईवडील लुइझियानातून उत्तरेला आलेले. घर लवकरच डेट्रॉइटला हललं. वडील-आई घरातच मक्याची दारू विकत आणि बैठकीच्या खोलीत ज्यूकबॉक्स होता, नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र. बेट्टीचं शिक्षण त्या ज्यूकबॉक्सवर झालं. ही गोष्ट साधी वाटते, पण ती महत्त्वाची आहे. सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतातल्या गायकांपैकी बहुतेकांचा गळा चर्चमध्ये तयार झालेला असतो, अरीथा फ्रँकलिनसारखा. त्या गायकीत एकेका अक्षरावर स्वरांची लड उलगडते, ऐकणारा उचंबळून येतो. बेट्टीनं ते घेतलं नाही. ती दारू प्यायला आलेल्या, दिवसभर कारखान्यात राबलेल्या माणसांमध्ये वाढली. त्यांना प्रवचन नको असतं, त्यांना कुणीतरी समोर बसून खरं बोललेलं हवं असतं. तिचं गाणं पुढे आयुष्यभर तसं राहिलं: बोलकं, थेट, ताना-हरकतींचा सोस नसलेलं.

१९६२ साली, सोळाव्या वर्षी, पहिली रेकॉर्ड निघाली. ‘माय मॅन – ही’ज अ लव्हिन मॅन’. ती अटलांटिक कंपनीनं उचलली आणि रिदम अँड ब्लूजच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती सातव्या क्रमांकावर गेली. मुलगी दौऱ्यावर निघाली, त्यात तेव्हा नवखा असलेला ओटिस रेडिंगही होता. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅला या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर ‘लेट मी डाउन ईझी’ आलं, विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. हे गाणं तिनं पुढे जन्मभर सोबत ठेवलं. १९६९ मध्ये मेम्फिसमध्ये केलेल्या रेकॉर्डिंगमधलं एक गाणंही बरं चाललं. म्हणजे गाणी लागत होती, पण अनेक गाण्यांचा अल्बम काही निघत नव्हता. कंपन्या बदलत गेल्या.

मग १९७२. हे वर्ष या प्रकरणाचा कणा आहे. अटलांटिकच्याच ॲटको लेबलनं तिला अलाबामातल्या मसल शोल्सला पाठवलं. त्या काळी सोल संगीतातले उत्तमोत्तम वादक त्या छोट्याशा गावात होते. निर्माता ब्रॅड शापिरो. पूर्ण अल्बम तयार झाला, नाव ठरलं ‘चाइल्ड ऑफ द सेव्हंटीज’, प्रचाराच्या दौऱ्याची विमानाची तिकिटं हातात आली. आणि एक फोन आला की अल्बम काढत नाही आहोत, तिकिटं परत पाठवा. कारण सांगितलं नाही. बेट्टी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आपण जेवणाच्या टेबलाखाली जाऊन पडून राहिलो, असं तिनं नंतर सांगितलं आहे. मला हे वाचताना नेहमी घरातलं एखादं मूल आठवतं, मार खाल्ल्यावर खाटेखाली जाऊन बसणारं.

पहिला अल्बम प्रत्यक्षात बाजारात यायला १९८२ उजाडलं. पहिल्या रेकॉर्डनंतर वीस वर्षं. तोही मोटाउननं काढला, म्हणजे डेट्रॉइटच्याच कंपनीनं, पण तोवर मोटाउन डेट्रॉइट सोडून लॉस एंजलिसला गेली होती आणि अल्बमचं रेकॉर्डिंग झालं नॅशव्हिलला. एक गाणं थोडंफार गाजलं. बाकी शांतता.

रेकॉर्डचं खातं आणि रंगमंचाचं खातं

इथवर वाचून कुणालाही वाटेल की बाईंचं करिअर संपलंच होतं. रेकॉर्डच्या वहीत पाहिलं तर तसंच दिसतं. पण गायकाच्या आयुष्याची दुसरी वही असते, ती रोजच्या कार्यक्रमांची, आणि ती वही बेट्टीनं कधी मिटली नाही. डेट्रॉइट आणि आसपासचे क्लब, हॉटेलातले बार, जिथे तीस माणसं असतील आणि त्यातली वीस गप्पा मारत असतील, तिथे ती गात राहिली. सत्तरच्या दशकात ‘बबलिंग ब्राउन शुगर’ या संगीत नाट्यप्रयोगाच्या दौऱ्यात तिला काम मिळालं. सोबत हनी कोल्ससारखा टॅप नर्तक आणि कॅब कॅलोवेसारखा जुना खेळिया. रंगमंचावर चालायचं कसं, थांबायचं कसं, हात कधी उचलायचा आणि मुख्य म्हणजे कधी उचलायचा नाही, हे अशा लोकांच्या शेजारी उभं राहून शिकायला मिळणं म्हणजे गुरुकुलच.

दुसरा गुरू जिम लुइस. तिचा मॅनेजर, स्वतः ट्रॉम्बोनवादक, डेट्रॉइटच्या वादक संघटनेत काम करणारा. त्यानं हट्टानं तिला जुनी अवघड गाणी शिकायला लावली, जॅझच्या भांडारातली, शब्दांचं वजन मागणारी. त्याचा युक्तिवाद सरळ होता: एखादं गाणं लागलं तर नाव होईल, न होईल, पण ही गाणी येत असतील तर मरेपर्यंत गाता येईल. विशीतल्या मुलीला हा सल्ला रुचण्यासारखा नव्हताच, पण तिनं पाळला. मला वाटतं, २००८ च्या त्या रात्रीची पहिली तालीम जिम लुइसनं घेतली.

बेट्टी गाणी लिहीत नाही. स्वतःला ती गाण्याचा अर्थ लावणारी म्हणवते. आपल्याकडे हे सहज कळेल. ठुमरीचे बोल गाणाऱ्या बाईचे नसतात, पण एकच ओळ ती पाच वेळा म्हणते आणि पाच निराळ्या गोष्टी सांगते: एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा नुसता थकवा. बोल बनवणं म्हणतात ते हेच. ल्युसिंडा विल्यम्सचं ‘जॉय’ हे गाणं बेट्टीनं घेतलं तेव्हा त्यातल्या गावांची नावं तिनं बदलली. हरवलेला आनंद शोधायला मूळ गाणं जिथे जातं, तिथे ती जात नाही. ती डेट्रॉइटला जाते, मसल शोल्सला जाते. कार्यक्रमात हे गाणं सुरू झालं की ज्यांना तिची कहाणी ठाऊक आहे त्यांच्या अंगावर काटा येतो, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही कळतं की ही बाई कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगत नाहीये.

कपाटातल्या फिती

या प्रकरणातला सगळ्यात सुंदर माणूस माझ्या मते फ्रान्सचा जील पेतार. सोल संगीताचा संग्राहक. १९७२ चा तो अल्बम कुठे आहे, याचा त्यानं पिच्छा सोडला नाही. मूळ फिती गोदामाच्या आगीत जळाल्या असाव्यात, असाच समज होता. अखेर त्या सापडल्या, आणि २००० साली त्यानं तो अल्बम ‘सूव्हनिअर्स’ या नावानं फ्रान्समधून काढला. अठ्ठावीस वर्षं उशिरा. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या तिच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध झालं. त्यात ‘लेट मी डाउन ईझी’ आहे. १९६५ चं आणि हे एकापाठोपाठ ऐकावं. एकोणीस वर्षांची मुलगी विनवतेय, मला दुखवायचंच तर जरा हळू. पन्नाशी ओलांडलेली बाई तेच म्हणतेय, पण तिला आता उत्तर माहीत आहे.

या दोन रेकॉर्डी हातोहात फिरल्या आणि कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली. २००३ चा अल्बम, त्याला २००४ मध्ये ब्लूजचा डब्ल्यू. सी. हँडी पुरस्कार, तोही ‘पुनरागमन’ याच वर्गात. मग अँटी या लेबलचे अँडी कॉल्किन यांनी तिला करारबद्ध केलं. २००५ मध्ये निर्माता जो हेन्रीच्या देखरेखीखाली अल्बम झाला, सगळी गाणी स्त्रियांनी लिहिलेली: शिनेड ओ’कॉनर, डॉली पार्टन, जोन आर्मट्रेडिंग, ल्युसिंडा विल्यम्स. २००७ मध्ये ती पुन्हा मसल शोल्सला गेली, या वेळी फेम स्टुडिओत, ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या तरुण रॉक बँडबरोबर. त्या बँडच्या पॅटरसन हूडचे वडील डेव्हिड हूड १९७२ च्या रेकॉर्डिंगला बास वाजवत होते; तेही या वेळी आले. अल्बमचं नाव ठेवलं ‘द सीन ऑफ द क्राइम’, गुन्ह्याची जागा. नाव ठेवताना तिनं शब्द मऊ केले नाहीत, हे मला फार आवडतं.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं. आपल्याकडे अशा कहाणीला पटकन ‘तपश्चर्या’ म्हणतात: चाळीस वर्षं झिजली, म्हणून गळ्याला ती धार आली. मी काही वर्षं असंच मानत होतो. ‘सूव्हनिअर्स’ ऐकल्यावर ते मानणं सोडलं. सव्वीस वर्षांच्या त्या मुलीचा आवाज पूर्ण तयार आहे. नील यंगचं ‘हार्ट ऑफ गोल्ड’ ती तिथे गाते आणि गाण्याला अशी पकड घालते की ते तिचंच वाटावं. तिला आणखी तीस वर्षं शिजवण्याची गरज कुणालाही नव्हती. तो अल्बम १९७२ मध्ये निघाला असता तर आपल्याला दोन बेट्टी मिळाल्या असत्या, तरुण आणि म्हातारी. आपल्याला एकच मिळाली. उपेक्षेला तपश्चर्या म्हटलं की ज्यांनी फिती कपाटात टाकल्या ते सुटतात, आणि डेट्रॉइटमधले तितक्याच तोलाचे जे गायक बारमध्ये गाता गाता संपले, त्यांना कुणी पेतार भेटला नाही, ते सगळे तपात कमी पडले असं ठरतं. ते खरं नाही.

मग छोट्या क्लबांनी तिला दिलं काय? आवाज नव्हे, आवाज तिच्याकडे होताच. दिली ती लक्ष खेचून घेण्याची कला. गप्पा मारणाऱ्या टेबलाला ओरडून गप्प करता येत नाही. हळू बोललं की लोक कान देतात. हे तिनं तिथे हजार वेळा करून पाहिलं असणार.

ती पाच मिनिटं

आता पुन्हा केनेडी सेंटर. सोहळ्याच्या निर्मात्यांपैकी मायकल स्टीव्हन्स आणि संगीत दिग्दर्शक रॉब मॅथेस. गाणं बेट्टीच्या ओळखीचं नव्हतं. तिची जुनी सवय अशी की दुसऱ्याचं गायन मनात मुरू द्यायचं नाही. शब्द घ्यायचे, चाल समजून घ्यायची आणि मग आपल्या तोंडी ते कसे येतात ते पाहायचं. अनोळखी गाण्याचा इथे फायदाच झाला. डॉल्ट्रीच्या आरोळीचं ओझं तिच्या पाठीवर नव्हतं.

लय खाली आणली. पहिल्या ओळी खर्जात, घोगऱ्या, शब्दाच्या कडा खरखरीत. ती तालाच्या किंचित मागे राहून गाते, जणू बोलावं की नाही याचा विचार करतेय. हात शांत. ज्या ठिकाणी मूळ गाण्यात वाद्यं उसळतात तिथे ती लगेच उसळत नाही, थोपवून धरते. समेवर येण्याआधी कसलेला गायक जसा श्रोत्याला ताटकळत ठेवतो, तसं. मग वाद्यवृंद चढतो, आणि आवाजही चढतो, पण गुळगुळीत होऊन नव्हे. वर जाताना तो फाटतो. वयामुळे फाटतो की मुद्दाम, हे सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही यातच सगळी मजा आहे. ज्या जागी डॉल्ट्री ताकद दाखवतो, त्या जागी ती ताकद संपलेली दाखवते. ‘प्रेमा, बरस’ म्हणण्याचा अधिकार तहानलेल्याचाच.

भव्य प्रेक्षागृह, सज्जात राष्ट्राध्यक्ष, समोर सजलेली मंडळी. तिनं त्या सगळ्यांना बारमधल्या टेबलांसारखं वागवलं. आधी गप्प केलं, मग सांगितलं. प्रक्षेपण ३० डिसेंबरला झालं आणि मग ते लाखो घरांत पोचलं.

पुढचं भराभर झालं. १८ जानेवारी २००९ ला, बराक ओबामांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, लिंकन स्मारकासमोर सॅम कुकचं ‘अ चेंज इज गॉना कम’ गायला तिला रॉक गायक जॉन बॉन जोव्हीबरोबर उभं केलं. ब्रिटिश रॉक गाण्यांचा अख्खा अल्बम २०१० मध्ये आला, निर्मितीत तेच स्टीव्हन्स आणि मॅथेस, शेवटी केनेडी सेंटरचं ते ध्वनिमुद्रणही. २०१८ मध्ये बॉब डिलनच्या बारा गाण्यांचा अल्बम. २०२० मध्ये ‘ब्लॅकबर्ड्स’, त्यात बिली हॉलिडे, नीना सिमोन, डायना वॉशिंग्टन अशा कृष्णवर्णीय गायिकांची गाणी आणि बीटल्सचं ‘ब्लॅकबर्ड’. त्या गाण्यात कवी पक्ष्याला ‘तू’ म्हणतो. बेट्टीनं ‘तू’ काढून ‘मी’ घातलं. एवढाच बदल, आणि गाणं आतून उलटं झालं: पंख मिटून आयुष्यभर वाट पाहणारी आता स्वतःच बोलू लागली.

तिचा पूर्ण कार्यक्रम पाहायचा असेल तर ध्वनिचित्रमुद्रणं उपलब्ध आहेत. शेवट चुकवू नये. बँड थांबतो. पियानो नाही, ढोल नाही. ती एकटी, साथीशिवाय, शिनेड ओ’कॉनरचं गाणं म्हणते, ज्याच्या नावाचा अर्थ आहे, जे माझ्यापाशी नाही ते मला नको. श्वास घेतलेलाही ऐकू येतो.